वेस्ट

तर मंडळी, झालं असं. आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी एक नवी पाटी लागली. ठळक अक्षरात मजकूर: "रहिवाशांनी वेस्ट गेटवर ठेवू नये." खाली सेक्रेटरींची सही आणि शिक्का.

आम्ही राहतो बदलापूर वेस्टला. सोसायटीला दोन गेटं. एक स्टेशनकडे तोंड करून, ते ईस्ट गेट. दुसरं मागच्या बाजूला, ते वेस्ट गेट. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा शिस्तीचे. त्यांनी पाटी वाचली, अर्थ लावला आणि दुसऱ्या दिवसापासून पिशवी ईस्ट गेटवर ठेवायला लागले. त्यांचं पाहून आणखी चार घरांनी तेच केलं. तीन दिवसांनी ईस्ट गेटवर असा काही ढीग साठला की भाजीवालाही गाडी लांब उभी करायला लागला. सेक्रेटरी काका संतापले. आजोबा शांतपणे म्हणाले, "तुम्हीच लिहिलंय ना, वेस्ट गेटवर नाही म्हणून?"

मी हापिसात हा किस्सा मीठमसाला लावून सांगितला. सगळे हसले. पुढचा प्रकार मात्र मी हापिसात सांगितला नाही.

त्याच आठवड्यात आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या मावशींचा हात कापला. तळहातावर, अंगठ्याच्या मुळाशी. पाच टाके. काच होती. जिन्यात त्या वॉचमनकाकांना तुकडा दाखवत होत्या. निळ्या फुलांच्या नक्षीचा तुकडा, कुठल्या तरी लग्नात आलेल्या ग्लासांच्या सेटमधला. तो सेट आमच्या घरातला. ग्लास माझ्या हातून फुटला होता. मी तुकडे नीट केरसुणीने गोळा केले आणि निळ्या डब्यात टाकले, कारण निळ्या डब्यावर लिहिलंय "ड्राय वेस्ट". काच ड्राय असते. काच वेस्ट असते. लॉजिकमध्ये कुठेही बग नाही.

आई गावाला गेली होती, ती आल्यावर मी सांगितलं. तिने एकच प्रश्न विचारला. "काच अशी टाकतात का रे? पेपरात गुंडाळून वर 'काच' असं लिहून वेगळी द्यायची, एवढं माहीत नाही?" खरं सांगायचं तर माहीत होतं. लहानपणी मी स्वतःच पेनाने लिहून दिलंय. मग विसरलो कसा? गेले कित्येक दिवस मी यावर विचार करतोय आणि माझं मत आता पक्कं झालंय. तुम्हाला हास्यास्पद वाटेल, पण मी "वेस्ट" या शब्दाला दोषी धरतो. (मलाही धरतोच. पण माझा खटला आईने निकाली काढलाय.)

आधीच सांगतो, मी शुद्ध मराठीवाला नाही. दिवसभर "डिप्लॉय केलंस का", "मर्ज मार आणि निघ" असली भाषा बोलणाऱ्याने टेबलाला मेज म्हणायचा आग्रह धरू नये. इंग्रजी शब्द मराठीत यायला माझी काडीचीही हरकत नाही. स्टेशन आलं, पास आला, लोकल आली, आपण श्रीमंतच झालो. माझी हरकत अशा शब्दाला आहे जो येताना एक वस्तू आणतो आणि घरातले वीस शब्द बाहेर काढतो.

मोजून पाहा. आमच्या आजीच्या घरात केर होता, तो अंगणाच्या कडेला उकिरड्यावर जायचा आणि पावसाआधी शेतात. खरकटं होतं, ते गोठ्यात. भाज्यांची देठं-सालं, चहाचा चोथा, झाडांच्या मुळाशी. राख भांडी घासायला. रद्दी रद्दीवाल्याकडे, मुंबईच्या बाजूला तोच पस्तीवाला. फुटकी पितळी मोडीत. जुने कपडे बोहारणीकडे, बदल्यात एक स्टीलचं पातेलं आणि अर्धा तास घासाघीस. जे बोहारीणही घेत नाही त्या चिंध्या, आणि चिंध्यांची गोधडी किंवा पायपुसणं. पत्रा-लोखंड भंगारात. घर पाडलं की राडारोडा, तो कुणाच्या तरी जोत्याच्या भरावात. देवावरची फुलं उतरली की निर्माल्य.

या यादीतला प्रत्येक शब्द म्हणजे एक पत्ता आहे. शब्द उच्चारला की ती वस्तू पुढे कुणाकडे जाणार हे आपोआप कळतं. "रद्दी" म्हटलं की डोळ्यासमोर तराजू येतो. "खरकटं" म्हटलं की कुणी त्यात ब्लेड टाकत नाही, कारण पुढे गाय आहे हे शब्दातच ठरलंय. "वेस्ट" म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? डबा. डब्यापुढे काही नाही.

सी शिकलेल्यांना एका वाक्यात सांगतो: वेस्ट म्हणजे व्हॉइड पॉइंटर. पत्त्यावर काहीतरी आहे, काय आहे ते माहीत नाही, टाइप पुसला गेलाय. ज्याच्या हातात पडेल त्याने आपल्या जबाबदारीवर कास्ट करायचं. चुकीचं कास्ट केलं तर आपल्याकडे प्रोग्रॅम क्रॅश होतो आणि आपण चहा प्यायला जातो. मावशींनी निळी पिशवी उचलली तेव्हा त्यांनी ती "कागद आणि प्लास्टिक" अशी कास्ट केली होती. टाइप मी पुसला होता. टाके त्यांना पडले.

गंमत म्हणजे इंग्रजीतला हा शब्द मूळचा रिकामपणाचाच. लॅटिनमध्ये व्हास्टस म्हणजे ओसाड, रिकामं. इंग्रजीतही तो आधी जमिनीबद्दल वापरला जायचा. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या त्या जुन्या महसूल नोंदवहीत, कितीतरी गावांपुढे "वेस्ट" अशी नोंद आहे. म्हणजे इथून वसूल करण्यासारखं काही नाही. तोच चष्मा घालून साहेब इकडे आला. १८३८ मध्ये आसामात "वेस्ट लँड"चे नियम केले आणि त्या जमिनी चहाच्या मळ्यांसाठी दिल्या. तिथे कुणी गुरं चारत असेल, फिरती शेती करत असेल, सरपण आणत असेल, पण सारा भरत नसेल तर ती जमीन वेस्ट. आणि आपण स्वातंत्र्यानंतर काय केलं? १९८५ मध्ये राष्ट्रीय वेस्टलँड विकास मंडळ काढलं आणि २००० मध्ये वेस्टलँडचा अ‍ॅटलास छापला. आपल्याकडे गायरान, गुरचरण, माळरान, मुरमाड, खाजण, पडीक असे शब्द आहेत आणि प्रत्येकात कोण काय करतं ते सांगितलेलं आहे. "गायरान" म्हणताना गाय दिसते. "वेस्टलँड" म्हणताना मोकळा प्लॉट दिसतो.

जमिनीचं जे झालं तेच वस्तूंचं. आधी म्हणायचं इथे काही नाही. मग तिथे काहीही करायला मोकळे.

आणखी एक भानगड. मराठीत जे नासलं ते वेगळं आणि जे उरलं ते वेगळं. भात वाया जातो, पैसे वाया जातात, पोरगा वाया जातो. वाया जाणं ही घटना आहे, आणि ती वाईट घटना आहे, त्यासाठी शिव्या बसतात. पण "वाया"चा ढीग करता येत नाही. उरलेल्या वस्तूला वेगळं नाव असतं, आणि ती वाया गेलेली नसतेच. इंग्रजीने दोन्ही एकाच शब्दात कोंबलं. भात वेस्ट गेला, आणि उरलेली केळीची सालही वेस्ट. त्यामुळे होतं काय की जी वस्तू आपण वेस्ट म्हणतो तिचं नुकसान आधीच होऊन गेलंय, असं गृहीत धरलं जातं. आता तिचं काय करायचं ही नुसती वाहतुकीची बाब.

तुम्ही म्हणाल, एवढा किस काढायची गरज काय? शब्द बदलून नदी स्वच्छ होणार का? ठीक. मग नदीकडेच जाऊ.

वालधुनी अंबरनाथच्या पलीकडे काकोळ्याच्या बाजूच्या डोंगरात उगम पावते, अंबरनाथचं शिवमंदिर तिच्याच काठावर आहे. शिलाहारांच्या काळातलं, शिलालेखावर शके ९८२, म्हणजे १०६० सालचं. पुढे ती उल्हासनगरातून कल्याणला खाडीकडे जाते. आता लोकलमधल्या कुणालाही विचारा, वालधुनी काय आहे? दहातले आठ सांगतील, नाला. नदीचा नाला झाला तो आधी तोंडात, मग पाण्यात, की उलट, हे कोंबडी-अंडं मी सोडवू शकत नाही. पण नाला म्हटल्यावर त्यात टँकर रिकामा करणं सोपं जातं एवढं नक्की.

आणि केलाच. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनीत रसायनं ओतली गेली, पहाटे वस्तीत वायू पसरला, शेकडो लोकांना श्वासाचा, डोळ्यांचा त्रास होऊन इस्पितळात न्यावं लागलं. त्याआधी आणि त्यानंतरही हे घडत आलंय. वनशक्ती या संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल २०१३ मध्येच राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली होती. तेव्हाच्या बातम्या आठवून पाहा. काय ओतलं? "केमिकल वेस्ट".

माझा एक कॉलेजचा मित्र केमिकलवाला, एमआयडीसीत नोकरीला. त्याला मी विचारलं की तुमच्या प्लँटमध्ये "वेस्ट" कशाला म्हणतात? तो हसला. म्हणाला, आत असं काही नसतंच. आत स्पेंट अ‍ॅसिड असतं, मदर लिकर असतं, डिस्टिलेशनच्या बुडाचा गाळ असतो, ईटीपीचा स्लज असतो. प्रत्येकाचा ड्रम वेगळा, प्रत्येकावर लेबल. स्पेंट अ‍ॅसिड तर दुसरा कुणी विकतही घेतो. कायदाही हेच सांगतो. घातक पदार्थ गेटबाहेर जायचा तर त्यासोबत मॅनिफेस्ट नावाचा कागद जातो, रंगीबेरंगी प्रतींचा. माल कुठला, किती, कुणाकडून निघाला, कुणाकडे पोचायचा. आपल्या भागातून तळोज्याला, तिथे त्याची सोय आहे. थोडक्यात, कायद्याने त्याला आजीच्या यादीसारखंच वागवलंय. नाव आणि पत्ता.

टँकर रात्री दिवे बंद करून नाल्याच्या काठी लागतो तेव्हा नेमक्या याच दोन गोष्टी गळून पडलेल्या असतात. गेटच्या आत ज्याला पाच वेगवेगळी नावं होती ते गेटबाहेर एकच होतं, वेस्ट. आणि आपण, म्हणजे पेपरवाले, टीव्हीवाले, लोकलमधले तज्ज्ञ, आपण तोच बेनामी शब्द पुढे चालवतो. विषबाधेच्या पेशंटबद्दल डॉक्टर पहिला प्रश्न काय विचारतो? काय गेलंय अंगात? त्याला "वेस्ट" हे उत्तर नाही. त्या शब्दावर औषध नाही.

बरं, वेस्ट म्हणजे कुणालाच नको असलेलं, हे तरी खरं का? इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष आठवा, वर्कशॉपचा तास. हात ऑइलने काळे झाले की आपण काय मागायचो? कॉटन वेस्ट. मास्तर स्टोअरमधून मोजून द्यायचे आणि जास्त घेतलं तर ओरडायचे. अंबरनाथ-बदलापूरच्या कुठल्याही वर्कशॉपच्या खरेदीच्या यादीत ते सापडेल, किलोवर दर लावलेलं. नावात वेस्ट आणि विकत आणायचं! उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्यांच्या गाळ्यात टेबलाखाली जी कापडाची कात्रणं पडतात त्याला तिथे चिंधी म्हणतात आणि चिंधीचाही भाव असतो. "चिंधीचोर" ही शिवी कुठून आली असेल याचा मला तिथे साक्षात्कार झाला. :)

उल्हासनगरवरून आठवलं. हे शहरच मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. युद्ध संपलं, छावणी नकोशी झाली. फाळणी झाली, सिंधमधून माणसं आली. नकोशा बराकीत घर नसलेली माणसं बसवली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी उल्हासनगर हे नाव दिलं, तरी लोक आजही कॅम्प नंबर चार, कॅम्प नंबर पाच असंच सांगतात. आणि मग आपण "मेड इन यूएसए"चे विनोद केले. त्या लोकांनी बराकींना वेस्ट म्हटलं असतं तर आज तुमची-आमची पहिली जीन्स कुठून आली असती?

आता आमच्या धंद्याबद्दल थोडं, कारण आम्हीही काही कमी नाही. जॉन मॅकार्थीने लिस्प बनवताना १९५९ च्या सुमारास गार्बेज कलेक्शन शोधून काढलं. जावावाले रोज त्याच्या जिवावर झोपतात. तिथे गार्बेजची व्याख्या मोठी सुंदर आहे. ऑब्जेक्ट वाईट झाला, सडला, जुना झाला म्हणून गार्बेज होत नाही. तो अगदी ठणठणीत असतो. फक्त त्याच्याकडे बोट दाखवणारं कुणी उरलेलं नसतं. शेवटचा रेफरन्स तुटला की तो गार्बेज. म्हणजे कचरेपणा हा वस्तूचा गुण नाही, आपल्या तिच्याशी असलेल्या नात्याचा आहे. सीवाल्यांची "गार्बेज व्हॅल्यू" तशीच. कानेटकरांच्या पुस्तकावर वाढलेल्या आपल्या पिढीला वाटतं तो काहीतरी खुळचट आकडा असतो. पण तो पुष्कळदा आधीच्या फंक्शनचा अगदी कामाचा डेटा असतो. आपल्याला वाचता येत नाही एवढंच.

इथपर्यंत छान. पण गार्बेज कलेक्टरने आमची एक वाईट सवय करून ठेवली. नल टाकलं की विसरायचं. मागे एक प्रोसेस चालू आहे, ती बघेल. हीप ती साफ करेल. (हीप म्हणजे ढीगच, बरं का.) बदलापुरात मागे कुठली प्रोसेस चालू आहे? मावशी चालू आहेत. सकाळी सहापासून, ग्लोव्हज असले तर असले.

आणि ढीग साफ होत नाही, फक्त हलतो. अंबरनाथचं डंपिंग आधी मोरिवलीला, मग चिखलोलीला. उल्हासनगरचं आधी राणा खदाणीत, मग कॅम्प पाचला, मग उसाटण्याची जागा आणि तिथल्या गावकऱ्यांचा विरोध. आमचं वालिवलीला. "डंपिंग" हा शब्दही बघा. कशाचं डंपिंग? कुणाचं? काही नाही, नुसतं डंपिंग. "डंपिंगला आग लागली", "डंपिंगच्या मागे फ्लॅट स्वस्त आहे". आम्ही सॉफ्टवेअरवाले कोअर डंप घेतो तो आत डोकावून काय बिघडलं ते बघायला. शहरं डंप करतात ते पुन्हा बघायला लागू नये म्हणून. धूर मात्र रेफरन्स शोधत बरोब्बर घरात येतो. चिखलोलीच्या आसपास पाचव्या-सहाव्या मजल्यावर खिडक्या बंद करून झोपणाऱ्यांना विचारा.

आता माझ्याच बाजूच्या दोन अडचणी सांगतो, नाहीतर तुम्ही सांगालच.

पहिली. "वेस्ट" काढून "कचरा" घातला तर काय फरक पडणार? काहीच नाही. सरकारने तेच केलंय, सॉलिड वेस्टचं घनकचरा. तोही तितकाच मुका शब्द. २००० चे नियम, मग २०१६ चे नियम, ओला-सुका-घातक असे विभाग झाले, ते चांगलंच झालं, पण "सुका कचरा" म्हणजे व्हॉइड पॉइंटरला निळा रंग. पालिकेच्या सगळ्या शब्दसंग्रहात मला एकच शब्द मनापासून आवडतो, घंटागाडी. तो कचऱ्याचं नावच घेत नाही, फक्त वाजतो. तेव्हा भांडण इंग्रजी विरुद्ध मराठी नाही. आणि मराठी शब्दही काही सोवळे नाहीत. फुलांना निर्माल्य म्हटलं की प्लास्टिकच्या पिशवीसकट उल्हास नदीत फेकायचा परवाना मिळाल्यासारखे लोक वागतात. पुलावर गाडी थांबवून, हात जोडून!

दुसरी अडचण मोठी आहे. आजीच्या त्या यादीचं मी कौतुक केलं खरं, पण त्या यादीतल्या पत्त्यांवर कोण राहत होतं? उष्टं कुणाच्या ओंजळीत पडायचं? मेलेलं जनावर कुणी ओढायचं? गावाला प्रत्येक टाकाऊ वस्तूचं नेमकं नाव माहीत होतं कारण ती उचलणारी जातही नेमून दिलेली होती. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेली ढोरं ओढणं, शिळं-उष्टं घेणं सोडायला सांगितलं, ते या पत्त्यांच्या विरोधातच. तेव्हा "पूर्वी कसं सगळं पर्यावरणपूरक होतं" असली गुळगुळीत वाक्यं माझ्या तोंडी घालू नका. एखाद्याला वाटेल की "वेस्ट" हा शब्द त्या मानाने बरा, निदान त्याला जात नाही.

असं मलाही काही दिवस वाटलं. पण मग इंटरकॉमवर वॉचमनकाकांचा आवाज आला, "वेस्टवाली आली." शब्द पॉलिश झाला, "वाली" तशीच राहिली. जुन्या व्यवस्थेतल्या नेमक्या शब्दांपैकी वस्तूचं नाव तेवढं आपण विसरलो, माणसाला चिकटवायचं ते विसरलो नाही. उलट वाईट झालं. आधी निदान हातात काय येतंय ते तिला कळत होतं.

पुण्यात १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली, बाबा आढाव वगैरे मंडळी त्यात होती. नाव काय ठेवलं? कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. मी हे नाव पूर्वी शंभरदा ऐकलं होतं, पण हात कापल्याच्या प्रकरणानंतर पहिल्यांदा नीट ऐकलं. संघटनेच्या नावात कचरा हा शब्दच नाही! ज्यांचे हात रोज त्यात असतात त्यांना तिथे कागद दिसतो, काच दिसते, पत्रा दिसतो. ज्याने फेकलं त्यालाच फक्त वेस्ट दिसतं. त्या बायकांना जातीने नेमलेलं नाव नको होतं आणि साहेबी बेनामीपणाही नको होता. त्यांनी मालाची नावं घेतली आणि स्वतःला कष्टकरी म्हटलं. माझ्या दुसऱ्या अडचणीचं यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते माझं नाहीच.

जाता जाता एक विरोधाभास. गोव्याच्या मित्राकडे गेलो असताना त्याची आई शेजारणीशी कोंकणीत "भांगर, भांगर" करत होती. मला वाटलं भंगारवाला आलाय. ती सोन्याच्या भावाबद्दल बोलत होती. कोंकणीत भांगर म्हणजे सोनं. या दोन शब्दांची नाती भाषावाल्यांनी बघावीत, मी आपला ऐकलेलं सांगतोय.

असो. तर पाटी. मी सेक्रेटरी काकांकडे गेलो आणि म्हटलं मी नवीन लिहून देतो. ते आनंदाने हो म्हणाले, कारण आजोबांनी तोवर आणखी दोन लेखी हरकती दिल्या होत्या. मी लिहिलं: "खरकटं आणि सालं हिरव्या डब्यात. रद्दी आणि पुठ्ठा बांधून वेगळा. बाटल्या, पत्र्याचे डबे धुऊन वेगळे. काच, ब्लेड, सुया वर्तमानपत्रात गुंडाळून, वर नाव लिहून हातात द्यावे. राडारोडा सोसायटीत ठेवू नये." वेस्ट हा शब्द कुठेही नाही. स्वतःवर खूश होऊन प्रिंट काढली, लिफ्टशेजारी चिकटवली.

शनिवारी मावशी आल्या. टाके निघाले होते. त्यांनी पाटी सावकाश वाचली, एकेक ओळ बोट ठेवून. मग म्हणाल्या, "दादा, बाटल्या धुवायचं लिहिलं ते बरं केलं. पण लहान पोरांचे डायपर नि बायकांचे पॅड, त्याचं काय? ते हिरव्यातही टाकतात नि निळ्यातही. त्याचं नाव का नाही लिहिलं?"

मी गप्प. आजीच्या यादीत त्याला शब्द नव्हता. माझ्याकडेही नव्हता, किंवा असलेला लिफ्टशेजारी लिहायची लाज वाटली होती.

"काय लिहू?" मी विचारलं.

"जे आहे तेच लिहा की. पेपरात गुंडाळून वर लाल पेनाने फुली मारायला सांगा. फुली दिसली की मी उघडत नाही."

त्या ओळीसाठी जागा उरली नव्हती म्हणून पूर्ण पाटी पुन्हा छापली. लाल पेन वॉचमनकाकांच्या टेबलावर दोरीला बांधून ठेवलंय. गेल्या रविवारपर्यंत ते तिथेच होतं.